फुल इंजिन टाकू का?

इंजिन बदलायचं की गाडीच काढून टाकायची, हा प्रश्न माझ्या गॅरेजात बहुतेक वेळा टोचन होऊन येतो. पुढे दुसरा टेम्पो, मध्ये दोर, मागे तेलानं माखलेली गाडी आणि मालकाचं एकच वाक्य: "मिस्त्री, काय ते लवकर सांगा." माल रस्त्यात अडकलेला असतो, कंपनीच्या स्टोअरमधून फोनवर फोन येत असतात. अशा माणसाला दोन दिवस थांबा म्हणून सांगता येत नाही. तो इंजिन खोलायला सांगतो आणि मी खोलतो. एकदा हेड उतरलं, ऑइलचा चेंबर निघाला, पिस्टन टेबलावर आले, की ठरवायचं काही उरत नाही. जेवढा निघेल तेवढा खर्च करायचा. चालतं इंजिन ऑइलचा दाब सांगतं, धूर दाखवतं, कुठल्या सिलिंडरमध्ये दम नाही तेही सांगतं. खोललेलं इंजिन फक्त झीज दाखवतं, आणि तोवर मालकाचे निम्मे पैसे गुंतलेले असतात.

माझं गॅरेज चिंचवडला, मोहननगरच्या बाजूला. औंधच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो. तिथल्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात जी सवय लावली ती अजून सुटलेली नाही: कानानं ऐका, हातानं चाचपा, पण बोलायचं ते गेज लावल्यावर. हा सगळा पट्टाच मोजणाऱ्या माणसांचा आहे. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज टेम्पो आली, चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनू लागली, १९६६ मध्ये टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पिंपरीचा कारखाना उभा राहिला, आणि त्यांच्या आधारानं भोसरीपासून चाकणपर्यंत छोट्या शेडचं रान उगवलं. माझ्या शेजारच्या शेडमध्ये काही मायक्रॉनच्या फरकावर जॉब रिजेक्ट होतो. तोच जॉब वाहून नेणाऱ्या टेम्पोच्या इंजिनाचा फैसला मात्र लोक सायलेन्सरकडे बघून उभ्या उभ्या करतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या फैसल्यावर एका घराची काही वर्षांची कमाई टांगलेली असते.

आमच्याकडे 'हाफ इंजिन' म्हणजे हेडचं काम, रिंगा, बेअरिंग. क्रँकला हात लावायचा नाही. 'फुल इंजिन' म्हणजे लायनर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, सगळंच. मालक येतो तो बहुधा कुणीतरी सांगितलेलं 'फुल इंजिन' तोंडात घेऊनच येतो. त्यातल्या बऱ्याच गाड्या माझ्याकडून नुसतं हेडचं काम करून जातात. सकाळी सुरू करताना निळा धूर आला आणि गाडी तापल्यावर गेला, तर आधी वॉल्व्हची सीलं आणि गाइड बघायची असतात. टर्बोचं सील गेलं तरी धूर निळाच येतो; इंटरकूलरचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का, टर्बोच्या दांड्याला हेलकावा आहे का, हे बघायला किती वेळ लागतो? काळा धूर असेल तर एअर फिल्टर, पंप, नोझल. या सगळ्यासाठी इंजिन बदलायला लावणं म्हणजे मालकाला लुटणंच आहे.

एक गाडी मी इथं सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळेच प्रश्न एकदम आले होते.

२०२४ च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. गाडी २००९ ची टाटा ४०७. मालक आंबेगाव तालुक्यातले, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, भोसरीच्या फाउंड्रीतून चाकणच्या मशीनशॉपला कास्टिंग नेणारे. गाडी स्वतःच चालवतात. आमच्या गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. सोबत मुलगा होता. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. मुलाचं म्हणणं, ही गाडी द्या आणि नवी सीएनजी घ्या, हप्त्याचं मी बघतो. मामांचं म्हणणं, "हिच्या जिवावर पोरीचं लग्न केलं, गावी घर बांधलं. ही भंगारात घालायची नाही." आणि तिसरीकडच्या एका मिस्त्रीनं आधीच सांगून ठेवलेलं, की आता फुल इंजिनाशिवाय इलाज नाही.

४०७ बद्दल मला जिव्हाळा आहे, तो लपवत नाही. १९८६ साली ती आली तेव्हा समोर डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी अशा जपानी हातमिळवणीच्या गाड्या होत्या. डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान ही नावं आजच्या पोरांनी ऐकलेलीही नाहीत. ४०७ अजून रस्त्यावर आहे, आणि ती इथली, पिंपरीची. तिचं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक, २,९५६ सीसी. त्याचा कुठलाही पार्ट दुपारपर्यंत हातात पडतो. इंजिन बांधायचं की नाही हे ठरवताना ही गोष्ट फार मोठी असते. ज्या गाडीच्या गॅस्केट किटसाठी दिल्लीला माणूस धाडावा लागतो, तिचं इंजिन बांधणं हा वेगळा हिशेब आहे.

मी मामांना म्हटलं, "गाडी आज रात्री इथंच लावा. सकाळी थंड इंजिन मला स्वतः सुरू करायचंय."

सकाळी सेल्फ मारला. इंजिन जरा वेळानं लागलं, निळसर धूर आला आणि गरम झाल्यावरही गेला नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केलं, तर झाकण थरथरत होतं आणि खालून वाफ येत होती. म्हणजे रिंगांवरून हवा खाली चेंबरमध्ये उतरत होती. टर्बो मात्र ठीक होता. मग भरल्या गाडीनं मोशीवरून, इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेलो. तळेगाव चौकात नेहमीसारखी रांग होती. इथल्या गाड्यांचे किलोमीटर बघून कुणी झीज ठरवू नये, ती या रांगांमुळे. चौकात उभं, कंपनीच्या गेटवर उभं, वजनकाट्यावर उभं. चाक फिरत नाही आणि इंजिन फिरतच असतं. त्या झिजेची मीटरला खबरच नसते, आणि जुन्या गाड्यांची मीटरची केबल बहुधा तुटलेलीच असते.

परत आल्यावर गरम इंजिनाला ऑइल प्रेशरचं वेगळं गेज लावलं. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर मी कधीच विसंबत नाही. आयडलिंगला दाब कमी होता, पण थरथरत नव्हता. मग चारही नोझल काढून कॉम्प्रेशन घेतलं: २४, २३, २४, आणि चौथ्या सिलिंडरला १७ बार. चौथ्याचा पिस्टन वर आणून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. अशी हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्टचा वॉल्व्ह, इनटेककडून आली तर दुसरा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इथं ती ऑइलच्या झाकणातून आली. रिंगा आणि लायनर.

मुलगा हे सगळं उभा राहून बघत होता. तो क्वालिटीतला असल्यानं आकडे त्याला पटले, आणि त्यानं जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "तीन सिलिंडर बरे आहेत, मग चौथाच का गेला?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठलंही इंजिन बांधू नये. जुनं का संपलं हे कळलं नाही तर नवंही त्याच वाटेनं जातं. आम्ही रेडिएटर काढला. तो निम्मा क्षाराने भरलेला होता. वर्षानुवर्षं फाउंड्रीच्या बोअरचं पाणी त्यात ओतलं जात होतं. गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकला होता, मूळ दुखणं तसंच ठेवून. पाण्याच्या पंपापासून सगळ्यात लांबचा सिलिंडर चौथा. पाणी नीट फिरेना, त्याची झळ त्यालाच सगळ्यात जास्त लागली.

मग मी गाडीखाली गेलो. इंजिनाचा निर्णय खरं तर तिथंच होतो. इंजिन कितीही वेळा बांधता येतं, चेसी पुन्हा बांधता येत नाही. कमानपाट्यांचे हँगर जिथं चेसीला रिव्हेट केलेले असतात, क्रॉस मेंबरचे सांधे, स्टिअरिंग बॉक्सच्या भोवतालचा पत्रा, हे सगळं मी हातोडीनं वाजवून आणि तारेच्या ब्रशनं घासून बघतो. कास्टिंग वाहणाऱ्या गाड्यांचा हौदा ओल्या वाळूनं आतून सडतो आणि ते पाणी झिरपत चेसीच्या खाचांत साचतं. मामांच्या गाडीचा हौदा मागच्या बाजूनं खराब होता, केबिनचा फ्लोअर एका जागी पातळ झालेला. पण चेसीचा आवाज सगळीकडे भरीव. कुठं वेल्डिंग केलेलं नव्हतं, चीर नव्हती. मामांनी आयुष्यात ओव्हरलोड केला नव्हता म्हणतात, आणि ती चेसी बघून माझा त्यावर विश्वास बसला.

कागद बघितले. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग, शिवाय पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी कितीतरी पटीनं वाढली, आणि मामांची गाडी नेमकी त्या उंबरठ्यावर होती. हा खर्च दरवर्षीचा, म्हणून तो इंजिनाच्या खर्चातच धरायचा असतो. नुसत्या इंजिनाचं बिल बघून 'परवडतं' म्हणणारे पुढच्या वर्षी आरटीओच्या रांगेत हबकतात.

आता पर्याय. तयार इंजिन घ्यायचं तर एक सरळ वाट कंपनीची: जुनं द्या आणि रिकंडिशन केलेलं वॉरंटीसह न्या. टाटांची ही सोय 'प्रोलाइफ' नावानं आहे. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तरी काँट्रॅक्ट जाईल, त्याला मी हीच वाट सांगतो. दुसरी वाट भंगारातल्या इंजिनाची. त्या वेळी कुदळवाडीचा भंगार बाजार उभा होता. अपघातातल्या गाड्यांची इंजिनं तिथं मिळायची. (फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत तिथली गोदामं आणि शेड जमीनदोस्त झाली.) असं इंजिन स्वस्त पडतं, पण त्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं सोबत नसतील तर ते माझ्या दारात येऊ देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. हे कुणी करत नाही. मग ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नाही म्हणून गाडी पासिंगला अडकते, आणि अपघात झाला तर विम्याचं काय होईल याची खात्री कुणीच देत नाही. तिसरी वाट म्हणजे स्वतःचंच इंजिन बांधणं. ब्लॉक आपला, नंबर आपला, कागदाला हात लावायचा नाही.

खर्चाचा अंदाज मी दोघांसमोर कागदावर लिहिला. फुल इंजिन, नवा रेडिएटर, हौद्याची डागडुजी मिळून लाखाच्या बऱ्यापैकी वर. नवी गाडी दहा लाखांच्या पुढे आणि पाच वर्षांचा हप्ता. एवढ्यावर कुणीही म्हणेल की इंजिन बांधा. पण नुसत्या रकमेची तुलना पुरेशी नसते. ते लाख किती वर्षं पुरवायचे आहेत हे आधी ठरायला हवं. म्हणून मी मामांना विचारलं, "अजून किती वर्षं तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसणार?"

मामा थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "साठी ओलांडून वर्षभर तरी. पुढचं भीमाशंकराच्या हातात."

मुलाला विचारलं, "तू चालवणार आहेस का?"

तो नाही म्हणाला. ड्रायव्हर ठेवून धंदा करायचाही त्याचा विचार नव्हता. म्हणजे गाडीला आणखी तीन-चार वर्षंच चालायचं होतं, आणि हप्ता पाच वर्षांचा पडणार होता. ज्या दिवशी मामा स्टिअरिंग सोडणार, त्या दिवशी कर्ज उरलेलं असणार आणि ते मुलाच्या पगारातून जाणार. गाडीचं वय सगळे मोजतात. मालकाचं वय फारच थोडे मोजतात. एकट्यानं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी आता हा प्रश्न इंजिनाला हात लावायच्या आधी विचारतो. तिशीतल्या मालकाला, हाताशी दोन कंपन्यांचं काम असेल तर, याच गाडीसाठी मी उलटा सल्ला दिला असता: ही विका आणि नवी घ्या.

इंजिन बांधायचं ठरलं. शेजारच्या लेथवाल्यानं बोअर गेज लावून चौथ्या सिलिंडरची झीज दाखवली, इतर तिघांपेक्षा ती बरीच होती. चारही लायनर-पिस्टन नवे टाकले. एकच बदलून भागवण्याचा मोह मालकापेक्षा मिस्त्रीनं टाळायचा असतो. क्रँक ०.२५ मिमीनं ग्राइंड केला आणि त्या मापाची बेअरिंगं घातली. नोझल तपासून घेतले, थर्मोस्टॅट परत त्याच्या जागी गेला, आणि पाण्याऐवजी कूलंट. मामांना एक अट घातली: सुरुवातीचे काही आठवडे अर्धाच माल भरायचा, आणि पहिलं ऑइल मुदतीच्या बरंच आधी बदलायचं. त्यांनी ती तंतोतंत पाळली. दसऱ्याआधी खंडेनवमीला गाडी पुजायला घेऊन आले तेव्हा गरम इंजिनावर पुन्हा गेज लावलं. दाब चांगला होता.

याच्या अगदी उलट एक प्रसंग सांगायला हवा. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस आली होती. तिचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्याखाली इथं बनलेल्या ओएम ६१६ जातीचं. मला विचाराल तर या पट्ट्यात बनलेल्या सगळ्यात चिवट इंजिनांपैकी ते एक. मालकाला इंजिन बांधून हवं होतं आणि पैशाची त्याची तयारी होती. इंजिनही बांधण्यासारखं होतं. पण मी आत चढून सीटचे बोल्ट बघितले. रोजच्या धुण्यानं आणि इतक्या वर्षांच्या पावसानं फ्लोअरचा पत्रा बोल्टांभोवती खाल्लेला होता. दोन सीट हातानं ओढल्या तर हलत होत्या. मी काम घेतलं नाही. मालक रागावला, म्हणाला, "इंजिनाचं विचारलंय, सीटचं नाही." पण सशक्त इंजिन सडक्या बॉडीला आणखी वेगानं पळवतं, आणि आत पोरं बसणार होती. अशा वेळी मिस्त्रीनं धंद्याचा विचार करू नये असं माझं ठाम मत आहे.

नव्या गाड्यांचं गणित निराळं झालंय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कॉमन रेलच्या इंजिनात लायनर-पिस्टन झिजण्याच्या आधीच इंजेक्टर, सेन्सर, धुराच्या नळीतली जाळी यांचे खर्च उभे राहतात. एक इंजेक्टर बिघडून डिझेल गळत राहिलं तर धडधाकट पिस्टन वितळतो. जुन्या गाडीत नवं इंजिन किंवा नव्यात जुनं बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा; इंजिन, वायरिंग, ईसीयू आणि आरसी यांची आता एकच गाठ आहे. या गाड्यांसाठी माझ्याकडच्या पोरांना मी स्कॅनर शिकायला पाठवलंय. पण कॉम्प्रेशनचं गेज अजून त्याच खिळ्याला टांगलेलं आहे आणि स्कॅनरनं काहीही सांगितलं तरी ते एकदा लावायचंच, असा गॅरेजचा नियम आहे.

ज्यांची गाडी ऑइल खायला लागली आहे त्यांना एक विनंती. केबिनमध्ये एक वही ठेवा. ऑइल घातलं की तारीख, मीटरचा आकडा आणि किती घातलं ते लिहा; मीटर बंद असेल तर खेपा लिहा. दर महिन्याला खप वाढतोय की तेवढाच आहे, हे त्या वहीतून मिस्त्रीला पाच मिनिटांत कळतं. दसऱ्याला किंवा पासिंगच्या दोन महिने आधी कॉम्प्रेशन आणि ऑइलचा दाब मोजून घ्या आणि तो आकडा मिस्त्रीकडून त्याच वहीत लिहून घ्या. मिस्त्री लिहून देत नसेल तर दुसरा बघा. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका.